पहिले पाच कोण, यावर एवढं भांडण कशाला?

नेरूळला आमच्या सेक्टरमध्ये एक बास्केटबॉल कोर्ट आहे, त्याच्या अर्ध्या भागात कायम पोरांचं क्रिकेट चालू असतं आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही. रविवारी सकाळी साडेसहाला जमायचं, आठला सिमेंट तापायला लागलं की बंद, आणि मग कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग घेत एनबीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगवर, वाद. पावसाळ्यात तर कोर्टाचं तळंच होतं, म्हणजे खेळ शून्य आणि वाद डबल, त्यात जुलै-ऑगस्टला एनबीए पण बंद, नवीन सीझन ऑक्टोबरात चालू होणार, तोपर्यंत करायचं काय, तर पुढच्या सीझनला एनबीएतल्या आपल्या लाडक्या टीमचे पहिले पाच, म्हणजे मॅच सुरू होताना कोर्टावर उतरणारे, कोण यावरून एकमेकांचं डोकं खायचं.

टीमचं नाव मी मुद्दाम सांगत नाहीये, सांगितलं की अर्धे लोक इथूनच निघून जातील. एवढंच सांगतो की चार जागा ठरल्यासारख्या आहेत आणि पाचव्या जागेसाठी दोघं जण आहेत. एकाला आम्ही ‘म्हातारा’ म्हणतो, वय चौतीस, गुडघे बोलायला लागलेत, पण समोर जरा मोकळं मिळालं की लांबून तीन पॉइंटचा शॉट घालणार म्हणजे घालणार. दुसरा ‘पोरगा’, बावीसचा, पळतो, उड्या मारतो, समोरच्या टीमच्या सगळ्यात डेंजर माणसाला गोचिडासारखा चिकटतो, फक्त त्याने लांबून शॉट घेतला की आम्ही सगळे देवाचं नाव घेतो. आमच्यात निम्मे म्हाताऱ्याचे, निम्मे पोरग्याचे. मागच्या रविवारी हे इतकं पेटलं की टपरीवाल्याने ग्लास परत मागितले.

तेवढ्यात आमचे बाबा दुधाच्या पिशव्या आणि छत्री घेऊन तिथून चालले होते, ते थांबले, पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, ‘अरे पण बाहेर बसलेला नंतर आत येतोच ना? मग सुरुवातीला कोण यावरून एवढं काय?’ आठ जण होतो आम्ही, एकालाही सरळ उत्तर देता आलं नाही. बाबा तरुणपणी ठाण्यात कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा, त्यामुळे त्यांना गोलगोल बोलून गप्प करता येत नाही. घरी जाऊन पोहे खाता खाता त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितोय.

आधी साधा हिशोब. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, १२-१२ मिनिटांचे चार क्वार्टर. कोर्टावर एका वेळी पाच जण, म्हणजे कोचकडे वाटायला एकूण २४० मिनिटं असतात. आपल्याकडच्या स्पर्धा, ऑलिंपिक वगैरे फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) नियमाने चालतात, तिथे १०-१० चे चार क्वार्टर, म्हणजे २०० मिनिटं. आणि बदली कितीही वेळा करता येते, बाहेर गेलेला माणूस पुन्हा आत येऊ शकतो, फुटबॉलसारखं नाही की एकदा बाहेर काढला की संपलं त्याचं. आता बहुतेक टीम काय करतात की पहिले पाच सहा-सात मिनिटं खेळतात, मग एकेक करून बदल सुरू होतात, दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बरेचसे बेंचवाले असतात, हाफ टाइमनंतर परत तेच पहिले पाच येतात, परत सहा मिनिटांनी मोडतात, आणि शेवटच्या पाच-सहा मिनिटांत कोचला त्या दिवशी ज्यांच्यावर भरवसा वाटतो ते पाच. म्हणजे ‘स्टार्टर’ या शिक्क्याने पक्की होतात ती पहिल्या क्वार्टरची पहिली सहा मिनिटं आणि तिसऱ्याची पहिली सहा, मिळून बारा-तेरा. बाकीच्या पस्तीस मिनिटांचा त्या शिक्क्याशी थेट संबंध नाही.

हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘मग माझंच बरोबर आहे की.’ बऱ्यापैकी बरोबर आहे. याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मनू जिनोबिली. अर्जेंटिनाचा, सॅन अँटोनियो स्पर्सकडून खेळायचा, १०५७ मॅच खेळला आणि त्यातल्या फक्त ३४९ मध्ये सुरुवातीला होता. बाकी सगळ्या बेंचवरून. तरी चार वेळा चॅम्पियन, २००८ ला सिक्स्थ मॅनचा, म्हणजे बेंचवरून येणाऱ्यांतल्या सगळ्यात भारी माणसाचा अवॉर्ड, २०२२ ला हॉल ऑफ फेम. तो पहिल्या पाचात बसत नव्हता का? आरामात बसत होता. पण टिम डंकन आणि टोनी पार्कर सुरुवातीला असायचेच, तिघांनाही बॉल हातात लागायचा, आणि बॉल एकच. ग्रेग पोपोविच या कोचने काय केलं, जिनोबिलीला मागे ठेवलं, म्हणजे डंकन-पार्कर दम खायला बसले की हा येणार, समोर प्रतिस्पर्ध्याचे बेंचवाले, बॉल याच्याच हातात, आणि मॅच अडली की शेवटी तिघंही एकत्र. ही आयडिया त्याचीही नाही, बॉस्टनच्या रेड ऑरबॅकने पन्नाशीच्या दशकात फ्रँक रॅमसीला आणि पुढे जॉन हॅवलिचेकला असंच वापरलं, आणि हॅवलिचेक पुढे बॉस्टनच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट काढणारा माणूस झाला. बेंच म्हणजे शिक्षा असं आपण धरून चालतो, क्रिकेटमुळे असेल, तिथे बारावा गडी पाणी घेऊन पळतो.

आता बॉल एकच हा मुद्दा जरा उलगडून सांगतो, कारण अर्ध्याहून जास्त भांडणं इथेच अडकतात. एनबीएच्या एका मॅचमध्ये प्रत्येक टीमला साधारण १०० वेळा बॉलचा ताबा मिळतो, थोडं इकडे तिकडे. प्रत्येक वेळी २४ सेकंदांत शॉट घ्यावाच लागतो, आणि त्या प्रत्येक ताब्याचा शेवट कोणीतरी एकच माणूस करतो, शॉट मारून, फाउल काढून फ्री थ्रोला जाऊन, नाहीतर बॉल घालवून. तो माणूस कोर्टावर असताना किती टक्के वेळा शेवट त्याच्या हातून होतो त्याला यूसेज म्हणतात. पाच जण, बेरीज १००, म्हणजे सरासरी २०. मोठे स्टार ३० च्या पुढे असतात. आता फॅन लोक काय करतात, आपल्या टीमचे सगळ्यात भारी पाच जण काढतात आणि ‘हे घ्या पहिले पाच’ म्हणून मोकळे होतात. त्यातले तिघं जर तीस-तीसवाले असले तर ९० तिथेच संपले, उरलेल्या दोघांना मिळून १०. प्रत्यक्षात असं होत नाही अर्थात, कोणीतरी आपला वाटा कमी करतो, पण ज्याला आयुष्यभर बॉल हातात घेऊन खेळायची सवय आहे तो कोपऱ्यात नुसता उभा राहिला की त्याचा निम्मा माल वाया जातो, आणि पैसे तर पूर्ण मोजलेले असतात.

२००४ ची फायनल यासाठी बघण्यासारखी आहे. लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन, नुसती नावं वाचूनच समोरच्याने घरी जावं अशी टीम. समोर डेट्रॉइट पिस्टन्स, पहिले पाच चॉन्सी बिलप्स, रिचर्ड हॅमिल्टन, टेशॉन प्रिन्स, रशीद वॉलेस, बेन वॉलेस. त्यांच्यात लेकर्ससारखा एकही सुपरस्टार नाही असंच तेव्हा सगळे म्हणायचे. फायनल म्हणजे सात मॅचची मालिका, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन, आणि पिस्टन्स ४-१ ने जिंकले. मलोनचा गुडघा त्या फायनलमध्ये गेलेला होता हे मान्य (आमच्यातला लेकर्सवाला हे दर वेळी न विचारता सांगतो), तरी पण. त्या पाचात प्रत्येकाचं काम वेगळं होतं, बेन वॉलेसला तर शॉट मारायची हौसच नव्हती, तो रिंगखाली उभा राहून समोरच्यांचे शॉट अडवायचा आणि रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले बॉल, ओढायचा. हे ऐकल्यावर बाबा लगेच म्हणाले, ‘बरोबर, सातही चढाईवाले उभे केले तर कोपरा कोण धरणार?’ मला पंधरा मिनिटं लागली असती ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. इंग्रजी कॉमेंट्रीत सारखं स्पेसिंग स्पेसिंग ऐकू येतं ते. हे मला टीव्हीवर बघून कधी नीट कळलं नव्हतं, आमच्या कोर्टावर कळलं. आमच्यात एक लंबू आहे, सहा फूट दोन, सानपाड्याहून येतो, रिंगखाली तो कोणाला ऐकत नाही पण पाच फुटांच्या बाहेरून त्याला शॉटच नाही. मे महिन्यात उलव्याच्या पोरांशी मॅच होती. मी उजवीकडून आत घुसलो, माझा डिफेंडर मागे पडला, समोर रिंगपर्यंत रस्ता मोकळा, आणि अचानक बघतो तर लंबूचा डिफेंडर माझ्या समोर छाती काढून उभा. लंबू कुठे? लंबू कोपऱ्यात, एकटा, दोन्ही हात वर करून ‘दे दे दे’ ओरडतोय आणि त्याच्याकडे उलव्याचं एक पोरगं मान वळवून बघत पण नाहीये. दिला बॉल. त्याने मारला. बॉल बोर्डवरून जाऊन पलीकडे क्रिकेटवाल्यांच्या मिडऑफला पडला, त्यांनी तो वीस मिनिटं परत दिला नाही.

पुढच्या दहा मिनिटांत तीन वेळा हेच झालं. मग लंबूला बसवून आमचा अकाउंट्सवाला मित्र आत आला, पाच फूट सहा, पोट सुटलेलं, धड पळवत नाही, पण कोपऱ्यात उभा राहिला तर दोनात एक घालतो आणि उलव्यावाल्यांना हे माहिती होतं. आता त्याचा डिफेंडर त्याला सोडायलाच तयार नाही. मी परत तसाच उजवीकडून घुसलो, रिंगखाली कोणी नाही, सोपे दोन पॉइंट. परत घुसलो, परत दोन. अकाउंट्सवाल्याने त्या पूर्ण वेळात एकही शॉट मारला नाही, घामसुद्धा नाही आला त्याला, आणि आम्ही सहाच्या मागून बरोबरीत आलो. मॅचनंतर स्कोअरशीट बघितली असती तर त्याच्या नावापुढे भोपळा.

एनबीएमध्ये तीनच्या शॉटची रेषा समोरून ७.२४ मीटर आहे आणि कोपऱ्यात ६.७० मीटर, कोपऱ्यातून जवळ पडतं म्हणून शूटर तिथे उभे करतात. तिथला माणूस घालणारा असेल तर त्याच्या डिफेंडरला रिंगपासून एवढ्या लांब उभं राहावं लागतं, आणि मधली सगळी जागा रिकामी होते. पाचात एक जण न मारणारा असला तर चालतं, तो रिंगजवळ राहून दुसरं काहीतरी करतो. दोन असले की रस्ता अडतो. तीन असले की ठाण्याला सकाळी साडेआठची फास्ट पकडण्यासारखं, दार उघडं दिसतंय पण आत जायला जागा नाही. म्हणून म्हातारा की पोरगा याचं उत्तर त्या दोघांकडे बघून मिळतच नाही, बाकीच्या चौघांत लांबून मारणारे किती आहेत हे आधी मोजावं लागतं, आणि टपरीवर हे कोणी मोजलं नव्हतं.

अर्थात अकाउंट्सवाल्याची दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. उलव्यावाले काही येडे नव्हते, त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं आणि तो ज्याला अडवत होता त्याच्याच हातात बॉल द्यायला लागले. आम्ही जेवढे घातले तेवढे तिकडून खाल्ले. एनबीएचे कोच हेच करतात, फक्त जास्त निर्दयपणे, समोरच्या पाचात सगळ्यात कच्चा डिफेंडर कोण हे शोधायचं आणि प्रत्येक वेळी खेळ फिरवून फिरवून त्याच्याच अंगावर न्यायचा. आमच्या म्हाताऱ्याचं नेमकं दुखणं ते आहे.

आता आकड्यांकडे येतो. आमच्यात एक बँकवाला आहे, तो बोलताना मोबाइल वर धरून बोलतो. त्याचा लाडका आकडा प्लस-मायनस. सोपं आहे, तू कोर्टावर होतास तेवढ्या वेळात आपल्या टीमने किती काढले आणि किती खाल्ले, त्याची वजाबाकी. शॉट न मारता उपयोगी पडणारा अकाउंट्सवाला इथे दिसतो, म्हणून आकडा चांगलाच आहे. पण याच्यात खोड्या फार. तुझ्याबरोबर कोण होतं, समोर कोण होतं, सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. चांगल्या चौघांबरोबर उभा राहिलेला पाचवा माणूस आपोआप प्लसमध्ये जातो, आणि बेंचवाला समोरच्या बेंचवाल्यांना धुतो म्हणून तो स्टार्टरपेक्षा भारी आहे असं होत नाही.

आणि सगळ्यात मोठी खोडी म्हणजे वेळ. त्या दिवशी बँकवाला ओरडून सांगत होता की पोरगा आणि ते बाकीचे चौघं एकत्र असताना दर १०० ताब्यांमागे प्लस ९, विषय संपला. मी विचारलं, किती मिनिटं? तर ९६. अख्ख्या सीझनमध्ये ९६ मिनिटं, म्हणजे बरोब्बर दोन मॅच. दोन मॅचचे ताबे साधारण २००, म्हणजे प्लस ९ चा अर्थ एकूण १८ पॉइंट पुढे. आजकाल एक टीम मॅचला पस्तीसच्या वर तीनचे शॉट मारते, दोन मॅचला सत्तरच्या वर, आणि त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त जातात. आता समजा नशिबाने आपले तीन जास्त गेले आणि समोरच्यांचे तीन रिंगवर फिरून बाहेर आले. नऊ आणि नऊ अठरा. झाला तुमचा प्लस ९. त्यात पोरग्याने काय केलं? कदाचित बरंच काही केलं असेल, कदाचित समोरच्याला त्या दिवशी झोप आली असेल. दोन मॅचवरून कळत नाही एवढंच. बँकवाला यावर म्हणाला की मग आकडे बघायचेच नाहीत का. बघायचे की, पण मिनिटं आधी विचारायची, भाव विचारताना किलोचा की पावशेरचा ते विचारतो तसं.

एवढं झालं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, गोल्डन स्टेट वॉरियर्सचा २०१४-१५ चा सीझन, कारण पहिले पाच या विषयात जे जे होऊ शकतं ते सगळं त्या एका वर्षात झालंय. स्टीव्ह कर नवीन कोच म्हणून आला. आंद्रे इगुओदाला तोपर्यंत ७५८ मॅच खेळलेला आणि ७५८ च्या ७५८ मॅचमध्ये सुरुवातीला होता, एक पण नाही सुटली. करने त्याला बेंचवर बसवलं आणि हॅरिसन बार्न्स नावाच्या तरुण पोराला पहिल्या पाचात घेतलं. कारण असं की बार्न्स आदल्या वर्षी बेंचवरून खेळताना चाचपडत होता, त्याला बाजूला चांगली माणसं लागत होती, आणि इगुओदाला कुठेही टाकला तरी खेळवू शकत होता. म्हणजे जास्त भारी माणूस बाहेर, कमी भारी माणूस आत, आणि हे मुद्दाम. तेव्हा सगळे याच दोघांवर भांडत होते. आणि खरी लॉटरी लागली ती तिसरीकडेच, पहिल्या पाचातला डेव्हिड ली, दोन वेळचा ऑल स्टार, सीझन सुरू व्हायच्या आधी मांडीचा स्नायू दुखावून बसला आणि त्याच्या जागी ड्रेमंड ग्रीन आला. लीला ती जागा परत कधीच मिळाली नाही. वॉरियर्स ६७ मॅच जिंकले.

पुढे फायनल, समोर लेब्रॉन जेम्सची क्लीव्हलँड. वॉरियर्स १-२ ने मागे. निक युरेन नावाचा करचा एक तरुण असिस्टंट रात्री जुने व्हिडिओ बघत बसला होता, आदल्या वर्षीच्या फायनलमध्ये स्पर्सने उंच माणूस काढून बोरिस डिआवला सुरुवातीला घेतलं होतं ते त्याने बघितलं, आणि करला सुचवलं की आपण पण सात फुटी अँड्र्यू बोगटला बसवून इगुओदालाला सुरुवातीला घेऊ. करने ऐकलं, पत्रकारांनी विचारल्यावर बदल नाही असं बिनधास्त खोटं सांगितलं, नंतर कबूलही केलं. चौथी मॅच सुरू झाली आणि क्लीव्हलँडने ७-० काढले. विचार करा, त्या क्षणी आमच्या टपरीवर काय झालं असतं. करला दुसऱ्या दिवशीचा पेपर डोळ्यासमोर आला असणार. पण बदल तसाच ठेवला, मॅच १०३-८२ ने जिंकली, पुढच्या दोन पण जिंकल्या, चाळीस वर्षांनी टायटल आलं आणि फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू कोण, तर रेग्युलर सीझनमध्ये एकदाही सुरुवातीला न आलेला इगुओदाला.

आणि तो बार्न्स, तो पुढे सॅक्रामेंटो किंग्जकडे गेला, आणि किंग्ज म्हणजे तेच जे २०१९ च्या ४ आणि ५ ऑक्टोबरला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळायला आले होते, भारतातल्या पहिल्यावहिल्या एनबीए मॅच. त्यांचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. दोन्ही मॅच हरले, पहिली तर ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने. आमच्यातला एक जण तेव्हापासून किंग्जचा फॅन आहे. ते २००६ नंतर प्लेऑफला गेलेच नव्हते, थेट २०२३ ला गेले, त्यामुळे पहिले पाच कोण या विषयावर त्याचा अभ्यास आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आहे, दर वर्षी एप्रिलपासूनच रिकामा असायचा ना.

मग सुरुवात काहीच महत्त्वाची नाही का? असंही नाही, आणि इथे बाबांचं मला पटत नाही. एक म्हणजे समोरचे पण आपले सगळ्यात भारी पाच घेऊनच सुरू करतात, पहिल्या सहा मिनिटांत त्यांच्या स्टारला अडवणारा कोणी नसेल तर बारा-चौदाने मागे पडून पूर्ण संध्याकाळ पाठलाग करत बसावं लागतं. त्यात परत फाउल आहेत, एनबीएमध्ये सहा झाले की बाहेर, फिबात पाच, आणि पहिल्या क्वार्टरमध्येच दोन झाले की कोच घाबरून त्या माणसाला बसवतो. पोरगा चिकटतो जास्त, फाउल पण करतो.

दुसरं म्हणजे पैसा. तरुण खेळाडूचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपताना टीम त्याला जी क्वालिफाइंग ऑफर (पुढच्या एका वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टची ऑफर) देते, तिचा आकडा ठरवताना तो स्टार्टर होता का हे बघतात, आणि त्याचा निकष लिहून ठेवलाय, सीझनला ४१ मॅचमध्ये सुरुवात किंवा २००० मिनिटं. सीझनच्या ८२ मॅचच्या निम्म्या ४१. तुम्ही आम्ही चहा पिताना ‘बसू दे की बेंचवर’ म्हणतो, तिकडे त्याचा एजंट सुरुवाती मोजतोय.

आणि तिसरं मन. क्ले थॉम्प्सन, वॉरियर्सचाच, चार वेळा चॅम्पियन, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला बेंचवरून यायला सांगितलं, त्याच्या जागी त्या वर्षीच आलेला ब्रँडिन पोडझेम्स्की. पहिल्याच मॅचला युटामध्ये क्लेने बेंचवरून येऊन ३५ पॉइंट काढले. वाचायला किती छान वाटतं, पण ते त्याला सोपं गेलं नाही हे त्याने लपवलं नाही, आणि त्याच उन्हाळ्यात तो टीम सोडून डॅलसला गेला. ऑफिसमध्ये पगार तोच, काम तेच, फक्त टेबल खिडकीपासून काढून दाराशी लावलं तर काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला हे सांगायला नको.

माझं मत विचाराल तर पोरगा सुरुवातीला. आमच्या टीममध्ये बाकीचे चौघंही लांबून मारणारे आहेत, त्यामुळे एक न मारणारा खपून जाईल, दोघं आधीच बॉल हातात घेऊन खेळणारे आहेत आणि पोरग्याला बॉल लागतच नाही. म्हातारा सहाव्या मिनिटाला आत, बेंचवाल्यांबरोबर, कारण त्यांच्यात कोणालाच शॉट नाही, तिथे त्याची किंमत दुप्पट होते, आणि समोर पण बेंचवालेच असल्याने त्याला पळवून पळवून मारणारा कोणी नाही. शेवटी पुढे असलो तर पोरगा, मागे असलो तर म्हातारा, आणि अगदी शेवटच्या मिनिटात प्रत्येक टाइमआउटला आलटून पालटून, आपला बॉल असला की म्हातारा, त्यांचा असला की पोरगा, नियमात बसतं ते. अर्थात डिसेंबरपर्यंत कोणाचा तरी घोटा मुरगळणार आणि हे सगळं बोंबलणार.

एक गोष्ट मात्र मला पोहे खाताना पहिल्यांदा सुचली. अमेरिकेच्या पूर्वेकडची संध्याकाळची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सहाला सुरू होते. पहिले पाच कोण ते आपण ब्रश करता करता नीट बघतो. आणि शेवटची पाच मिनिटं येतात सव्वाआठच्या सुमाराला, तेव्हा आपण हार्बरच्या गर्दीत वाशीच्या पुलावर, एक हात कडीला, नेटवर्क गोल फिरतंय. म्हणजे जे बघायला मिळतं त्याच्यावरच आपण भांडतो.

बाबांना सगळं सांगून झाल्यावर त्यांनी प्लेट बाजूला ठेवली आणि विचारलं, ‘बरं, मग शेवटी मैदानात कोणते पाच ठेवणार ते ठरलंय का तुमचं?’

या रविवारी पण पाऊस होता. मी टपरीवर तोच प्रश्न टाकला. कटिंगचे तीन राउंड झाले, टपरीवाल्याने परत ग्लास मागितले, आणि पाचवी जागा राहिली बाजूला, त्या चार ठरलेल्या जागांवर पण एकमत होईना.